तात्यांचं धुराडं

कोणाच्याही घरी गेले की तात्या आधी माणसांची विचारपूस करत नसत. सरळ स्वयंपाकघरात शिरत, चुलीशेजारची दोन लाकडं उचलत आणि एकमेकांवर आपटत. ठणठणीत आवाज आला तर पाटावर टेकत. थप्प असा मुका आवाज आला की लाकडं खाली ठेवून घरच्या बाईकडे असं बघत, की तिला वाटावं आपण चहात मीठ घातलं. "पाणी जाळतेस गो तू," एवढंच म्हणत. मग त्याच ओल्या लाकडांवरचा चहा दोन कप पिऊन जात.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि तात्यांचं घर आमच्या घराला लागून. तीस वर्षं त्यांनी मुंबईला एका बेकरीच्या भट्टीपुढे काढली. परत आले ते एक ट्रंक, एक चष्मा आणि विस्तवातलं सगळं आपल्यालाच कळतं हा विश्वास घेऊन. त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या बेकरीत" पासून सुरू व्हायचं. सातव्या वर्षापासून चूल पेटवत आलेल्या बाया तोंडाला पदर लावून ते ऐकायच्या.

गंमत अशी, की तीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिले तात्या आणि खोकला लागला त्यांच्या बायकोला, आमच्या काकीला. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ह्यांना धुरातून बाहेर काढा, नाहीतर श्वास फार वर्षं साथ देणार नाही. घरात गॅस होता. त्याच्यावर जुन्या साडीचं कव्हर होतं आणि पाहुणे आले की ते निघायचं. काकी म्हणायची, "गॅसवर भाकरी फुगते, पण तिला चव नाय." बाई धूर सोडत नाही म्हटल्यावर तात्यांनी ठरवलं, की मग धुरालाच घर सोडायला लावू. महाडहून पत्र्याचे पाईप आणले, जीपच्या टपावर स्वतः बसून धरून आणले, आणि चुलीपासून कौलांच्या वरपर्यंत धुराडं उभं केलं.

त्या दिवशी चुलीपुढे नारळ फुटला. सगळी वाडी अंगणात मान वर करून उभी, आणि छपरावरून धूर शिस्तीत निघालेला. काकी तेवढी आत, वर माळ्याकडे बघत होती. आमच्याकडे पावसाळ्याची लाकडं चुलीवरच्या माळ्यावर रचतात. खालचा धूर त्यांना लागत राहतो आणि पावसातही ती वाळत राहतात. काकी म्हणाली, "अवो, पण माळ्यावरची फाटी आता कशावर वाळायची?"

तात्या हसले. "आमच्या बेकरीत माळा होता काय?"



काकीच्या प्रश्नाचं उत्तर श्रावणात मिळालं. माळ्यावरच्या लाकडांना बुरशी आली. चुलीत घातली की ती सुंसुं करत, टोकांना फेस येई. धूर धुराड्यात शिरे, पण अर्ध्या वाटेवर गार होऊन आतल्या पत्र्याला डांबरासारखा चिकटून बसे. नळी आतून अरुंद होत गेली आणि धूर आला तसा घरात परतू लागला. काकीचा खोकला दुप्पट झाला. दोघांपैकी एकानेही गॅसचं नाव काढलं नाही. हट्ट त्या घरात दोन्ही बाजूंनी होता.

एका दुपारी धुराडं घोंघावायला लागलं. आतलं डांबर पेटलं होतं, पाईप लाल झाला होता. माझे वडील पाण्याचा हंडा घेऊन धावले. "पाणी नको, पत्रा फाटेल," म्हणत तात्यांनी ओलं पोतं चुलीच्या तोंडात कोंबलं आणि आग हळूहळू विझली. त्या एका क्षणी त्यांना विस्तवातलं खरंच कळत होतं. बाहेर काकी पावसात बसली होती, छातीतून शिटी वाजत होती. तात्या तिची पाठ चोळत होते. ती जाते की काय, असं मलाही वाटलं. श्वास परत आल्यावर काकी एकच शब्द बोलली, "माळा."

चूक झाली असं तात्या कधी म्हणाले नाहीत. त्या हिवाळ्यापासून मात्र ते दोन-दोन वर्षांची लाकडं आधीच तोडून ठेवू लागले. पडवीत दगडांवर, मध्ये फट ठेवून रचायची. "हवा खेळली पायजे." डावीकडचा ढीग औंदाचा, उजवीकडचा पुढल्या सालचा. उजवीकडच्याला हात लावायची काकीलासुद्धा परवानगी नव्हती. आणि दर शनिवारी छपरावर चढून, दोरीला काथ्याचा गठ्ठा आणि दगड बांधून ते धुराडं घासत. डोळ्यांपर्यंत काळे होऊन उतरत. काकी न्हाणीत पाणी काढून ठेवी आणि म्हणे, "लोक मारुतीला तेल वाहतात, आमच्या मारुतीला साबण लागतो."

खोकला खरंच कमी झाला. काकी दम न लागता अख्खी वाक्यं बोलू लागली, आणि ती बहुतेक तात्यांनाच ऐकावी लागली.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात उजवीकडचा ढीग रचून झाला आणि आठ दिवसांत तात्या झोपेतच गेले. सरणासाठी घरोघरची लाकडं आली. माझ्या वडिलांनी त्यातली दोन उचलली आणि नकळत एकमेकांवर आपटली. थप्प. सगळ्यांनी ती लाकडं उचलून परत नेली आणि वाडीभर फिरून, वाजवून वाजवून, वाळकी ऐनाची लाकडं गोळा केली. तासभर उशीर झाला. धूर मात्र अगदी थोडा झाला.

त्या पावसाळ्यात काकीने डावीकडची लाकडं जाळली. मी आता महाडला राहते; पुढच्या वर्षी तिथून वाडीत गेले, तर काकी गॅसवर भाकरी करत होती. साडीचं कव्हर घडी करून ठेवलेलं.

"चव लागते का गो काकी?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मी पडवीत आले. उजवीकडचा ढीग जसाच्या तसा होता, एक लाकूड हललेलं नव्हतं. मला राहवलं नाही. वरची दोन उचलली आणि वाजवली. आवाज ठणठणीत आला.

आतून काकीने हाक मारली. "ठेव ती जाग्यावर, बाय. ती पुढल्या सालची हायत."