बॅगेखालचा माइक

मधल्या चौकीतल्या वायरलेसचा नियम साधा होता. माइकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दाबून धरलं की आपल्याला कुणाचंच ऐकू येत नाही, आणि दोघांनी एकदम दाबलं तर सगळ्यांना नुसती खरखर. जंगलात नवा रखवालदार आला की हे त्याला वहिनीच शिकवायची. पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

वहिनी म्हणजे तिथल्या वनरक्षकाची बायको. नवरा कायम फिरतीवर, म्हणून सेट ती सांभाळायची. सख्खा दीर एकही नसताना सगळ्या चौक्यांनी तिला वहिनी करून टाकलं होतं. लग्नाआधी ती शहरात चष्म्याच्या दुकानात होती. हा वनरक्षक एकदा दुर्बिणीचा ढिला स्क्रू घेऊन आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच स्क्रू. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुकानाचे मालक म्हणाले, "पोरी, स्क्रू दुर्बिणीचा ढिला नाही, याचा ढिला आहे." माहेरच्यांनी आकांडतांडव केलं, पण तिने कुणाचं ऐकलं नाही. जंगलात आली आणि रमलीही, खोटं कशाला बोला! लेक शाळेच्या वयाची झाली तेव्हा मात्र गाडं अडलं. जवळपास शाळा नाही, म्हणून पोरगी शहरात मामाकडे राहायला गेली. तेव्हापासून वहिनी सेटवर गोड बोलायची आणि घरात भांडी आपटायची.

त्या दिवशी तिचा दादा आला. वणव्याचे दिवस होते, नवरा लांबच्या डोंगरावरच्या टेहळणी मनोऱ्यात. दादाने आल्या आल्या बॅग टेबलावर आदळली, ती नेमकी माइकवर. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"पाणी तरी घे," ती म्हणाली.

"पाणी राहू दे. तुझी लेक परवा माझ्या बायकोला आई म्हणाली. आम्ही शिकवलं नाही हं. आपसूक आलं तिच्या तोंडात."

तांब्या वहिनीच्या हातातच राहिला. मग तिचा बांध फुटला. "मी काय करू मग? त्याला त्याची झाडं सोडवत नाहीत! या माणसावर जीव लावला, तिथेच माझं चुकलं. आज कुणी नुसतं चल म्हणालं ना, तर चप्पलसुद्धा न घालता निघेन. मागे वळून बघणार नाही!"

कोपऱ्यात सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची नजर टेबलाकडे गेली. "अगं, तो लाल दिवा का लागलाय?"

बोलणं बाहेर जात असलं की तो दिवा लागायचा. वहिनीने बॅग ओढून काढली. दिवा विझला. जरा वेळाने पलीकडच्या चौकीवरचा रखवालदार घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, तुमचं बटण दाबलेलं राहिलं होतं. आम्ही काही ऐकलं नाही हं."

तिने मनोऱ्याला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर आलं नाही.

"बरंच झालं," दादा कसनुसा होत म्हणाला. "कधीतरी त्याला कळायलाच हवं होतं." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बॅग उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

"खरं होतं का गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"पोरीचं ऐकलं आणि तोंडाला येईल ते बोलले, आई."

"म्हणजे निम्मं खरं."



संध्याकाळच्या हजेरीला एकेक चौकी बोलली. आजारी माणसाच्या घरी बोलावं तसे सगळे हळू बोलत होते. शेवटी नवऱ्याचा आवाज आला. आवाजात राग नव्हता. रागाला ती पुरून उरली असती.

"मनोऱ्यावरून ऑफिसला. वणवा कुठेही नाही. आणखी एक, साहेब. मला ही नोकरी..."

हेच तर तिला हवं होतं. शहर, लेक, शाळेच्या फाटकाशी वाट बघत उभं राहणं. पण हा माणूस चारचौघांत मान खाली गेली म्हणून नोकरी सोडायला निघाला होता. शहरातल्या एखाद्या खोलीत तो खिडकीशी गप्प बसणार, आणि ती जन्मभर त्या गप्प पाठीकडे बघत राहणार. तिला तो हवा होता, अजूनही हवा होता, पण असा फरफटत आणलेला नको होता. तिने माइक उचलला आणि बटण दाबून धरलं. तोंडातून शब्द काढला नाही.

ऑफिसला आता नुसती खरखर ऐकू जात असणार. तो अजून बोलतोय की थांबलाय, हे तिला कळायची सोय नव्हती. अंगठा दुखायला लागला तरी तिने बटण सोडलं नाही.

"सोड गं," सासूबाई म्हणाल्या. "कधीतरी सोडावंच लागेल."

तिने सोडलं.

"मनोरा, शेवटचं कळलं नाही," ऑफिसमधून आवाज आला. "खरखर होती. परत सांगा."

खरखर कुठून आली हे न कळण्याइतका तिचा नवरा भोळा नव्हता.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

वहिनीने माइक जागेवर ठेवला आणि ती बाहेर आली. दादा बॅग मांडीवर घेऊन बसला होता. "निघायचं का?" त्याने विचारलं.

तिने लांबच्या डोंगराकडे पाहिलं. "तू उद्यापर्यंत थांब," ती म्हणाली.