झिऱ्याची खूण

नातीनं काल काळ्या शाईची बाटली उघडली आणि तो उग्र, किंचित कापरासारखा वास खोलीभर पसरला. ती आपली कागदावर वाकून रेघा ओढत राहिली. मी मात्र उठून खिडकीशी गेले. त्या वासाची मला अजून धास्ती वाटते.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा मी देऊळघाटाहून बुलढाण्याला प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात जात असे. भूगोल घेतलेल्या मुली दोघीच. दुसरी उंद्री गावची, वसतिगृहात राहणारी. तिच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आईवडील दुसऱ्यांच्या वावरात राबत. नकाशावरच्या समोच्च रेषा मला गुंतलेल्या दोऱ्यासारख्या दिसत. तिला मात्र त्यांत चढ दिसे, उतार दिसे, पाणी कुठल्या अंगानं वाहील तेही दिसे. लोणारच्या सहलीला मला घरून परवानगी मिळाली नाही. ती गेली, पार सरोवराच्या काठापर्यंत उतरली, आणि परतल्यावर तिनं असल्याच काळ्या शाईनं विवराचा उभा छेद काढला. उतारावर एका जागी निळा ठिपका दिला. तिथे तिला झिरा लागला होता.

"उतरवून घे," वही पुढे करत ती म्हणाली, "पन समजून घेजो."

मी नुसतं उतरवलं. ठिपक्यासकट.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. आमच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही छेद ताडून पाहिले. मग ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा झरा छापील नकाशात नाही. दोघींकडे कसा?" त्यांची नजर माझ्या कोऱ्या पातळावरून तिच्या धुऊन विटलेल्या पातळावर गेली आणि तिथेच थांबली. "तुम्ही यांचं उतरवलंत. खरं ना?"

"नाही सर. म्या सोता पाह्यला तो झिरा."

ती माझ्याकडे वळली नाही. वळली असती तर कदाचित सोपं झालं असतं. नापास झाले तर शिक्षण बंद, हे घरात ठरलेलंच होतं. वडिलांनी स्थळही पाहून ठेवलं होतं. परीक्षकांनी लाल पेन्सिल उचलली, तिची वही ओढली, टोक कागदावर टेकवलं. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला.

"सर, मी लोणारले गेलीच नाही. म्याच उतरवलं."

रेघ माझ्या वहीवर पडली. मी नापास झाले, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. ती पास झाली. पुढे उंद्रीच्याच शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला तिनं.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. तिनं वाकून चपला घातल्या.

"इतका वेळ काऊन लावला वं?" एवढंच विचारलं आणि वसतिगृहाकडे चालू लागली.

संसार चांगला झाला, तक्रार नाही. नापास झाल्याचं दुःखही केव्हाच विरलं. पण खरं बोलले याचा अभिमान मात्र कधी धरता आला नाही. ज्या दोन-तीन मिनिटांत ती तिथे एकटी उभी होती, ती मिनिटं अजून सरलेली नाहीत. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं: आळ तिच्यावरच राहील आणि मी सुटेन, अशी आशा मी धरली होती. ते सांगायला मी उंद्रीला कधी गेले नाही.