पाचशे चाळीस संत्री, टोपल्या किती?

बडनेऱ्याला आगगाडीतून उतरलो तेव्हा अंगावर कोळशाची भुकटी होती आणि डोकं तापलेलं. सोबत कचेरीची जड ट्रंक, तीत चौथीच्या गणिताच्या चाचण्या. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. मुलं शाळेत नुसती बसतात की शिकतातही, हे राज्यभर एकाच मापानं मोजायचं आमच्या साहेबांनी मनावर घेतलं होतं. पुण्याच्या शाळा मी आधीच आटोपल्या होत्या.

अमरावतीहून मोटारीनं शेंदूरजनाघाटाकडे निघालो. काळी रानं संपून संत्र्याच्या बागा लागल्या, फळांनी वाकलेल्या. माझा राग तिथेच निवळला. त्यापुढच्या एका खेड्यात शाळा होती. एक खोली, एक मास्तर.

मुलांनी मान खाली घालून पेपर सोडवले. रात्रीचं जेवण मास्तरांकडे. ज्वारीची भाकरी आणि बेसन (आपलं पिठलं), इतकं झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तरी दोनदा मागून घेतलं. मग तिथेच पेपर तपासायला बसलो. मास्तरांना निकाल दाखवायचा नाही असा नियम होता, पण ज्याचं मीठ खाल्लं त्याला उठून जा कसं म्हणणार? एका गणितात सगळा वर्ग चुकला होता. पाचशे चाळीस संत्री, टोपलीत ऐंशी मावतात, तर टोपल्या किती लागतील? आमच्या यादीत उत्तर होतं, सहा, बाकी साठ. पोरांनी सात लिहिलं होतं. मी फुल्या मारत सुटलो.

सकाळी मोटारीची वाट पाहत होतो, तर एक शेतकरी मुलीला घेऊन आला.

"सायेब, कमल नापास झाली म्हन्ते मास्तर. पाचवीले शेंदूरजन्याले धाडनार होतो. आता घरीच ठेवतो हिले."

हा पेपर पास-नापासाचा नाही, हे मी सांगायच्या आत कमल पुढे झाली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

"माहं काय चुकलं जी?"

मी ऐटीत यादी काढून दाखवली.

तिनं वाचलं. "मंग साठ संत्रे कायच्यात ठेवाचे? सातवी टोपली लागनच ना."

मी यादीकडे पाहिलं, मग बागेकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरगी बरोबर आहे," मी बापाला म्हणालो. "चूक माझी. हिला पाचवीला पाठवा."

बाप हसला. "संत्रे तोडता तोडता शिकली थे." आणि माझ्या ट्रंकेवर चार संत्री ठेवून लेकीला शाळेत सोडायला गेला. मोटार आली तेव्हा मी दुसरं संत्रं सोलत होतो. इतक्या समाधानानं मी कुठल्याच दौऱ्यावरून परतलो नाही.

पुण्यात साहेबांशी तासभर वाद घालून यादी दुरुस्त करून घेतली. मग इथल्या शाळांचे गठ्ठे पुन्हा उघडले. पानापानावर मोत्यासारख्या अक्षरात, सहा, बाकी साठ. शेजारी माझ्याच हातचं 'शाबास'. ती सगळी शाबासकी खोडायला मला दोन दिवस लागले.