पोटफुगीवरचा पहिल्या नंबरचा लेख

'चला तर मग जाणून घेऊया' हे वाक्य कुठं दिसलं की मला अजून मळमळतं. मी स्वतः ते किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. 'आजच्या धावपळीच्या जीवनात' हे त्याचं भावंड. आणि 'अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे तर घरचंच. मुळ्याच्या भाजीला अनन्यसाधारण महत्त्व आहे, टाचांच्या भेगांना आहे, सातबारा उताऱ्याला आहे, शेळीच्या लेंडीखतालाही आहे. साडेतीन वर्षं मी संगमनेरात बसून दिसेल त्या वस्तूला अनन्यसाधारण महत्त्व वाटत होते.

आमचं ऑफिस नाशिक-पुणे रस्त्याला लागून, एका टायरच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, आम्ही चौघी लिहिणाऱ्या आणि सर. सर माझ्यापेक्षा वयानं लहानच होते, पण ते मालक म्हणून सर. माणूस वाईट नव्हता. कुणाचं डोकं दुखलं तर सुट्टी द्यायचा, पावसात गाडी चुकली तर स्वतः घरापर्यंत सोडायचा. तो वाईट असता तर मला सगळा दोष त्याच्या गळ्यात अडकवून मोकळं होता आलं असतं.

काम असं चालायचं. लोक मोबाईलवर काय काय शोधतात त्याची यादी सकाळी हातात यायची. 'केस गळणे उपाय', 'उपवास वरई फायदे', 'गाय पोटफुगी घरगुती उपाय'. हे शब्द जसेच्या तसे लेखात घालायचे. प्रत्यय लावायचा नाही, क्रम बदलायचा नाही, कारण लोक तसंच लिहून शोधतात. मी मराठी घेऊन एम. ए. केलेलं. मी 'गाय पोटफुगी घरगुती उपाय करताना काळजी घ्यावी' असलं वाक्य लिहायचं आणि वर ते ठळक करायचं. माहिती कुठून आणायची? याच विषयावरचे दुसऱ्यांचे चार लेख उघडायचे. त्यांनीही ते आणखी चौघांचे बघूनच लिहिलेले असायचे. चार ताटांतलं उष्टं एका ताटात कालवायचं आणि वरून कोथिंबीर भुरभुरायची, की झाला आपला ताजा लेख.

पण खरी किळस ज्याची येते ते हे नाही. ऑफिसात एक नियम होता: उत्तर आधी द्यायचं नाही. उत्तर मिळालं की माणूस निघून जातो. तो पानावर जितका जास्त वेळ थांबेल तितका लेख शोधात वर चढतो, आणि मधल्या जाहिरातीही त्याच्या डोळ्यांखालून जातात. म्हणून आधी प्रस्तावना, मग इतिहास, मग फायदे, मग प्रकार, आणि ज्यासाठी तो बिचारा आला ते अगदी तळाला. सर म्हणायचे, "मॅडम, पाहुण्याला दारातच चहा दिला तर तो घरात कशाला येईल?" आम्ही चौघीही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे, कारण चौघींत पाहुण्याला सगळ्यात जास्त वेळ दारात ताटकळत ठेवणारी मीच होते.

पोटफुगीचा लेख मी एका दुपारी जेवणानंतर लिहिला. त्यासाठी दुसऱ्यांचे लेख उघडायची गरजच नव्हती. मी गोठ्याशेजारी वाढलेली. ओला लसूणघास जास्त खाल्ला की गायीची डावी कूस फुगते, तट्ट ताणली जाते, आणि मग हातात फार वेळ नसतो, हे मला ठाऊक होतं. आधी डॉक्टरला फोन करायचा. तो येईपर्यंत गायीचे पुढचे पाय उंचावर येतील अशी तिला उभी करायची. नरड्यात जबरदस्तीनं काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. हे सगळं मी नीट, खरं खरं लिहिलं आणि ऑफिसच्या नियमाप्रमाणे तळाशी, 'निष्कर्ष' या मथळ्याखाली ठेवलं. वर शीर्षक दिलं: 'गायीचं पोट फुगलंय? घाबरू नका! घरच्या घरी पाच मिनिटांत करा हे उपाय.' तीन आठवड्यांत लेख पहिल्या नंबरला आला. सरांनी पेढे आणले, मी दोन खाल्ले.

मी काय लिहिते हे घरी कुणाला नीटसं माहीत नव्हतं. 'पोरगी कॉम्प्युटरवर काम करती' एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. आमचं गाव संगमनेरापासून फार लांब नाही. आमच्या घराला लागूनच चुलत्यांचं घर, मधे एकच अंगण. ऊस आणि टोमॅटो चुलते बघायचे, पण गाय काकूंची. नुसती म्हणायला नाही, खरोखरच त्यांची. वासरू होती तेव्हापासून त्यांनी तिला वाढवलेलं. दुसरं कुणी धारेला बसलं तर ती लाथ झाडायची. सकाळ-संध्याकाळ दुधाचं कॅन घेऊन काकू स्वतः डेअरीवर जायच्या आणि तिथं बाप्यांच्या रांगेत उभ्या राहून फॅटवरून भांडून यायच्या. त्या वर्षी गाय सात महिन्यांची गाभण होती, आणि काकूंना कालवडच पाहिजे होती.

काकूंचं माहेर नेवाशाकडचं. लहानपणापासून पारायणात बसलेल्या. शाळा चौथीपर्यंत, पण पोथी रोज. मोठ्यानं, एका लयीत, ओळीवर बोट ठेवून. पोथी वाचताना ओळ सोडायची नाही, मधेच उठायचं नाही, मधेच कुणी बोललं तर हातानं थांबवायचं. आम्ही लहानपणी त्यांची नक्कल करायचो.

तो रविवार होता. चुलते टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला गेले होते. मी न्हाऊन केस पुसत अंगणात आले, तर गोठ्याकडून काकूंच्या वाचण्याचा आवाज. मला वाटलं पोथी. मग वाटलं, पोथी तर मघाशीच झाली, आणि गोठ्यात कशी? तेवढ्यात शब्द कानावर आले.

"आजच्या धावपळीच्या युगात, पशुपालनाला, अनन्यसाधारण महत्त्व आहे."

मी जागेवरच थांबले. आणि सांगायला लाज वाटते, पण आधी मला बरं वाटलं. माझं लिहिलेलं कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. टॉवेल खांद्यावर टाकून मी ऐकत उभी राहिले. पुढं गायींच्या जाती आल्या, मग दुधाचे फायदे. मधे एकदा केसगळतीवरच्या तेलाची जाहिरातही काकूंनी त्याच लयीत वाचून टाकली, आणि त्याचं मला हसूसुद्धा आलं. मग मी गोठ्यात डोकावले.

गायीची डावी कूस पाठीच्या कण्याच्याही वर आली होती. मान लांब ताणलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीला टेकलेली. दावं तुटलेलं होतं आणि सकाळी कापून आणलेल्या ओल्या घासाचा भारा विस्कटलेला. काकूंचा एक हात गायीच्या पाठीवर होता. दुसऱ्या हातात मोबाईल, चष्म्यातून दिसावा म्हणून लांब धरलेला.

"काकू, डॉक्टरला फोन केला का?"

त्यांनी हातानं मला थांबवलं. "मधी बोलू नको गं. उपाय येतोय म्होरं. घाबरू नका म्हनलंय वरती."

"खाली जा, एकदम खाली! ते मधलं सोडा!"

"आसं कसं सोडायचं? मधी काय सांगितलं आसंल तर?"

मी मोबाईल हिसकावला. फोन लावायला गेले, तर स्क्रीनभर एक चौकोन उघडला: 'आमचे नवीन लेख मिळवण्यासाठी येथे क्लिक करा.' तो बंद करायची फुली कुठं असते हे मला माहीत होतं, कारण ती सहज सापडू नये म्हणून ती कुठं ठेवायची हे आमच्याच ऑफिसात ठरलं होतं. ती दाबून मी डॉक्टरांना फोन लावला. ते शेजारच्या वाडीवर होते, निघालोच म्हणाले. आम्ही दोघींनी गायीला ओट्याकडं ओढलं, पुढचे पाय वर चढवायला. एक पाय चढला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि कुशीवर कलंडली. काकू तिच्या मानेखाली मांडी घालून बसल्या आणि तिला नावानं हाका मारू लागल्या.

डॉक्टर मोटरसायकल नीट न लावताच धावत आले. कुशीत सुई घातली, गॅस निघाला, पण गाय तोवर गेली होती. पोटातलंही गेलं. डॉक्टरांनी हात धुतले. ते रागावले नाहीत, हळूच म्हणाले, "काकू, पंधरा-वीस मिनिटं आधी कळवायचं ना."

काकू म्हणाल्या, "वाचीत हुते."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी मोरीत जाऊन ओकले.

सोमवारी ऑफिसात गेले तर सर खुर्चीतून उठून उभे. "मॅडम, इकडं या, हे बघा. काल सकाळी आपल्याच तालुक्यातलं कुणीतरी पोटफुगीच्या पानावर सतरा मिनिटं थांबलंय. सतरा मिनिटं! असं लिहायला पाहिजे." बाकीच्या तिघींनाही त्यांनी बोलावून ते दाखवलं. वासरांचं, शेळ्यांचं, कोंबड्यांचं, सगळ्या जनावरांचं असंच लिहायला घ्या म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, ती सतरा मिनिटं कुणाची होती ते. सरांचा चेहरा उतरला. ते दोनदा 'अरेरे' म्हणाले आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरचं वाक्य वर घेते. घ्या म्हणाले. मी ते सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत घातलं आणि शीर्षकातलं 'घाबरू नका' काढून टाकलं. लोक ती एक ओळ वाचायचे आणि निघून जायचे. डॉक्टरला फोन लावायला जात असतील, असं मी मनाशी धरून बसले. लेख मात्र हळूहळू घसरत चौथ्या नंबरला आला. एक दिवस उघडून बघते तर वाक्य परत तळाशी आणि 'घाबरू नका' परत वर. विचारलं तर सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "काढलेलं नाहीये मॅडम. आहे की खाली. ज्याला गरज आहे तो वाचेल."

त्याच क्षणी मी नोकरी सोडली असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. सोडली नाही. आणखी अडीच महिने मी त्याच खुर्चीत बसून शेळ्यांच्या जुलाबावर, कोंबड्यांच्या मानमोडीवर लिहीत राहिले, आणि तेही त्याच पद्धतीनं. स्वतःची शिसारी येत असतानाही माणसाचे हात टंकत राहतात, हे मला तेव्हा कळलं. शेवटी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं तेव्हा सुटले. लेख परत पहिल्या नंबरला चढला, आणि अजून तिथंच आहे. मधूनमधून उघडून बघते, आणि दर वेळी पश्चात्ताप होतो, कारण मी उघडला की तेवढाच त्याचा फायदा.

काकूंना मी खरं सांगितलं ते नोकरी सोडल्यावर. तोवर हिंमत झाली नव्हती. त्यांनी दुसरी गाय आणली नव्हती. गोठ्यात चुलत्यांनी खताची पोती रचली होती. दुपारी ओट्यावर काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो लेख माझा होता. डॉक्टरचं वाक्यही माझंच होतं. मला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी मी ते मुद्दाम खाली ठेवलं होतं. कशासाठी ठेवलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, उठून एक कानाखाली वाजवावी, असं मला मनापासून वाटत होतं. मी गाल पुढं करूनच बसले होते म्हणा ना.

काकूंचे हात थांबले. सुपातली टरफलं त्यांनी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्या दिशी मी कुठवर आल्ते गं?"

"दुधाचे फायदे चालले होते."

"त्याच्या म्होरं किती राहिलं हुतं?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण तो लेख मला तोंडपाठ होता. "दोन परिच्छेद," मी म्हटलं.

"दोनच?"

मी मान डोलावली.

"म्हंजी जरा भरभर वाचलं आसतं तर झालं आसतं," काकू म्हणाल्या. "माजंच वाचनं लई हाळू."