आर्लिस कुठे उभी राहिली

आर्लिस हीमस्ट्रासारखी भित्री बाई आख्ख्या आयोवा राज्यात दुसरी नसेल, आणि हे मी प्रेमानेच सांगते आहे. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी शाळेच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभं राहून पोरांना जेवू घातलंय. वादळाचा भोंगा वाजला की ही पिठाच्या खोलीत जाऊन बसायची. चर्चमध्ये कुणी माईक पुढे केला की हिला हमखास खोकला यायचा. दालचिनीचे रोल मात्र असे करायची, की जेवणात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, असेल त्या दिवशी गावातले म्हातारेसुद्धा काहीतरी निमित्त काढून शाळेत टपकायचे.

तिच्या भित्रेपणाला आम्ही हसायचो. मग तिचा मुलगा कर्ट सैन्यातून दुसऱ्यांदा इराकला गेला आणि आमचं हसणं बंद झालं.

तिकडे मुलगा मारला गेला तर फोन येत नाही. गणवेशातली दोन माणसं दारात येतात आणि तोंडावर सांगतात. ती माणसं मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात येत नाहीत, हे आर्लिसला कुठूनसं कळलं होतं. तेव्हापासून ती त्या पाच तासांतच झोपायची. बाकी सगळा वेळ कान दाराकडे. सुट्टीच्या दिवशीही शाळेत येऊन घासलेलीच भांडी परत घासायची. एकदा मला म्हणाली, "जोलीन, मी घरात सापडलेच नाही, तर ते सांगणार कुणाला?"

तिला आधार एकच होता. कर्ट फोनवर नेहमी हसत बोलायचा. "आई, मी मजेत आहे, माझं काम मला आवडतं," म्हणायचा. "माझ्यासारखा नाही गं तो, त्याला भीती वाटतच नाही," असं ती मला दर आठवड्याला ऐकवायची आणि मीही दर वेळी मान डोलवायचे.

त्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आमच्या गावात भटक्या मांजरांसारखे फिरत होते. त्यांतला एक सिनेटर हॅलोरन. त्याचं म्हणणं एवढंच, की निवडून आलो तर सहा महिन्यांत सगळे सैनिक घरी आणतो. आर्लिसचा नवरा वेंडेल स्वतः सैन्यात राहून आलेला. त्याला हॅलोरनचं नाव काढलेलं खपत नसे. त्याचा उमेदवार वेगळा, काम पुरं केल्याशिवाय परत फिरायचं नाही म्हणणारा.

"हॅलोरन खरंच आणेल का गं त्यांना?" आर्लिसने मला कांदे चिरताना विचारलं.

"निवडून आला तर आणेल. तुला वाटत असेल तर उभी राहा त्याच्या बाजूने."

"वेंडेल म्हणतो, पोरगा तिथे लढतोय आणि आई इथे लढाई बंद करा म्हणते, याला काय म्हणायचं? कर्टला कळलं तर?" तिने सुरी खाली ठेवली. "आणि समजा मी मोठ्याने मागितलं, आणि त्याच आठवड्यात..." तिची नजर दाराकडे गेली.

इतर राज्यांतली माणसं पडद्याआड जाऊन गुपचूप मत देतात. ते सुख आमच्या नशिबात नाही. आमच्याकडे पक्षाचा उमेदवार ठरवायला कॉकस. संध्याकाळी सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि ज्याचा त्याचा उमेदवार धरून सगळ्या गावादेखत त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं. नवरा बघतो, मालक बघतो, दात काढणारी डॉक्टरही बघते. ज्या कोपऱ्यात शेकडा पंधरा माणसंही नसतील तो कोपरा मोडायचा आणि तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. त्या वर्षी मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आत चौसष्ट माणसं, म्हणजे कोपरा टिकायला दहा हवीत. मी मोजत गेले. हॅलोरनच्या कोपऱ्यात नऊ. आर्लिस समोरच्या कोपऱ्यात, वेंडेलला चिकटून, मान खाली.

"अर्धा तास आहे," मी ओरडले. "ज्याला जागा बदलायची असेल त्याने बदलावी."

झालं, बाजार सुरू. हॅलोरनच्या कोपऱ्यातून आमची दातांची डॉक्टर मर्ना हाका मारायला लागली, "एकच माणूस हवंय! जो येईल त्याच्या दारातला बर्फ महिनाभर मी काढेन!"

"आधी माझी दाढ नीट बसव," वेंडेलच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आर्लिस हसली नाही. ती त्या नऊ जणांकडे बघत होती.

तेवढ्यात दार उघडलं. गणवेशातली दोन माणसं आत आली. काळे कोट, टोप्या हातात. त्यांतल्या एकाने कागदावर बघून विचारलं, "वेंडेल हीमस्ट्रा कोण?"

आर्लिस खाली बसली. पडली नाही, नुसती बसली, आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले. मी वेंडेलकडे पाहिलं. जन्मात प्रथमच मला त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती दिसली. हात वर करायला गेला, तर हातच उठेना.

"तुमचा निळा पिकअप आडवा लागलाय," पोलीस म्हणाला. "बर्फ काढायची गाडी अडकलीये."

कुणी हसलं नाही. पोलिसाच्याही लक्षात आलं असावं. तो पुटपुटला, "माफ करा, बाई." वेंडेल त्यांच्याबरोबर बाहेर गेला.

आर्लिस उठली. मी धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला आणि व्यायामशाळेचं ते लांबलचक अंतर एकटीने तोडलं. कुणी टाळी वाजवली नाही. मर्नाने फक्त सरकून जागा करून दिली.

वेंडेल परत आला तेव्हा आपल्या कोपऱ्यात बायको नाही, हे त्याला दिसलं. मग ती कुठे आहे तेही दिसलं. त्याने खुर्चीवरचा तिचा कोट उचलला, चालत तिच्याजवळ गेला, खांद्यावर घातला आणि तिथेच उभा राहिला.

"वेंडेल, तिथे थांबलास तर मला मोजावं लागेल," मी म्हणाले.

"मग मोज," तो म्हणाला.

मी मोजलं. अकरा.

हॅलोरनला याचा काडीचा उपयोग झाला नाही. राज्यभरात तो आपटला आणि आठवड्याभरात शर्यतीतून बाहेर पडला. पण रविवारी कर्टचा फोन आला. गावातल्या कुणीतरी त्याला आधीच कळवलं होतं. ते संभाषण आर्लिसने मला सोमवारी कणीक लाटता लाटता सांगितलं.

"म्हणाला, आई, कुठे उभी राहिलीस म्हणे? मी खोटं बोलणार होते गं. पण वेंडेल शेजारीच होता. सांगून टाकलं."

"मग?"

"मग विचारलं, किती जण होतात? मी म्हटलं, अकरा." तिचं लाटणं थांबलं. "तर म्हणाला, मी तिथे असतो तर बारा झाले असते. आणि रडायला लागला, जोलीन. लहानपणी रडायचा तसा. म्हणाला, मला इथून घेऊन चल."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आजवर मी एकटीच घाबरत होते," ती म्हणाली. "वाटायचं, तो तरी नाही."

कर्टच्या परतीला अजून सात महिने होते.