झडतीवाले मामा

मामांनी एकदा खुद्द न्यायाधीशांच्या डब्यातली भाकरी उलटून पाहिली होती. साहेब नवीनच बदलून आलेले, पहिलाच दिवस, मागे डबा घेऊन शिपाई. गेटावरच्या लोखंडी टेबलाशी मामांनी दोघांना थांबवलं, साहेबांना कडक सलाम ठोकला आणि शिपायाला म्हणाले, "डबा उघड." साहेब बघतच राहिले. मामांनी झाकण काढलं, बाजरीची भाकरी दोन बोटांनी उचलली, खालची मेथी पाहिली, भाकरी होती तशी ठेवली आणि पुन्हा सलाम ठोकला. "जावा साहेब. मेथी झ्याक हाय." साहेब हसले म्हणून निभावलं.

आमचं कोर्ट बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मी तिथे रेकॉर्ड रूम सांभाळते, म्हणजे लोकांची भांडणं कापडात बांधून कपाटात ठेवते. मामा गेटावरचे हवालदार. मूळचे आष्टीकडचे, उंच, खांदे पुढे झुकलेले, मिशा पांढऱ्या आणि युनिफॉर्मची इस्त्री अशी की उन्हाळ्यातही मोडू नये. "आत काय हाय ते बघितल्याबिगर मी देवाला बी सोडत न्हाई," असं ते म्हणायचे आणि ते शब्दशः खरं होतं. गणपतीत आमच्या स्टाफने वाजतगाजत आणलेली मूर्ती त्यांनी गेटावर थांबवली आणि पाटाखाली हात घालून पाहिलं. मोरया म्हणणाऱ्यांची तोंडं तेवढ्यापुरती बंद झाली.

माझं आणि त्यांचं रोज सकाळी वाजायचं. मी तिथली जुनी नोकरदार बाई, तरी माझी पर्स टेबलावर रिकामी व्हायचीच. एकदा मी वैतागून म्हणाले, "मामा, रोज बघता. रोज तोच रुमाल असतो." तर म्हणे, "तोच हाय का ते बघतो, ताई." अशा माणसाशी काय भांडणार?

वकील मंडळी मात्र चिडायची. एकदा एका पक्षकाराने आपल्या वकिलासाठी सीताफळांची टोपली आणली. मामांनी एकेक फळ काढून टेबलावर मांडलं, टोपलीचा तळ चाचपला आणि एकेक फळ परत भरायला घेतलं. मागे ही रांग. ते वकीलसाहेब तावातावाने गेटावर आले. "मामा, सीताफळात काय असतं हो?" मामा मान वर न करता म्हणाले, "पत्रिकेत तरी काय असतंय, वकीलसाहेब?" वकील पुढे झाले आणि उरलेली फळं स्वतः भरू लागले. परगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून नीट सांगते.

आमच्या कोर्टात भर सुनावणीत गोळीबार झाला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली. भावकीतला वाटणीचा दावा होता. माजलगावच्या कालव्यावर भिजणारी जमीन, त्यामुळे कुणीच हात सोडायला तयार नव्हतं. त्या सकाळी एका बाजूचा तरणा मुलगा खांद्याला पिशवी अडकवून गेटावर आला. पिशवीत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेल्या. आपल्याकडे अशी पिशवी कुणी अडवत नाही. मंगलकार्याच्या पिशवीत हात घालून उचकापाचक करायची म्हणजे अशुभ. त्याने वाकून मामांच्या पाया पडून हातात पत्रिका दिली. "मामा, ताईचं लगीन हाय. यायचं बरं का." तारखांना येऊन येऊन तो ओळखीचा झालेला. मामांची स्वतःची लेक तेव्हा शाळेत होती. "सुखी ऱ्हाऊ दे लेकरू," म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला आत सोडलं. पत्रिकांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेला गावठी कट्टा होता.

मी रेकॉर्ड रूममध्ये होते. आवाज आला तेव्हा मला वाटलं, रस्त्यावर ट्रॅक्टरचं टायर फुटलं. मग खुर्च्या पडल्याचे आवाज आले, पाठोपाठ ओरडा. दाव्यातला समोरचा माणूस साक्ष द्यायला उभा राहिला होता, तो तिथेच कोसळला. कट्टा तिथेच टाकून पळणाऱ्या त्या मुलाला मामांनीच गेटात कव घालून धरलं. त्या वेळी त्याची पत्रिका मामांच्या खिशात होती. सकाळी मीच पाठवलेली दाव्याची फाईल काही दिवसांनी माझ्याकडे परत आली. रोजनाम्यात त्या तारखेपुढे लिहिलं होतं, कामकाज तहकूब. माणूस गेला त्याचं त्या फाईलीत एवढंच.

मामा निलंबित झाले आणि खात्याची चौकशी लागली. मग जो तो त्यांना शहाणपण शिकवायला लागला. वरचे म्हणाले, झडती घेतली, काही सापडलं नाही, एवढंच म्हण. कट्टा खिडकीतून आत आला असेल. आरोपीच्या माणसांनीही घरी येऊन नेमकं तेच सांगितलं. त्यांना ते गोडच होतं, कारण पिशवी तपासलेली आणि रिकामी निघाली, तर कट्टा त्याचा कशावरून? गर्दीतून गोळी नेमकी कुणी झाडली, ते सांगायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. म्हणजे एका वाक्यात मामांची वर्दी वाचत होती आणि त्याच वाक्यात खुनी सुटत होता. मामांची त्या दिवसांतली झोप उडालेली मी पाहिली आहे. रेकॉर्ड रूमच्या दारात येऊन नुसते उभे राहायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत.

त्यांच्या साक्षीला मी रेकॉर्ड घेऊन कोपऱ्यात उभी होते. सरकारी वकिलांनी विचारलं, पिशवीची झडती घेतली होती का? मामांनी कठडा घट्ट धरला. "न्हाई घेतली." कोर्टात कुजबुज झाली. साहेबांनी विचारलं, का नाही घेतली? मामांनी कठडा सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. "दोनच हात हायत साहेब. एकात पत्रिका हुती. दुसरा त्याच्या डोक्यावर ठिवला हुता. झडतीला हात कुटून आणू?" हल्ली आमच्याकडे जुन्या फायली स्कॅन करायचं काम चालू आहे. परवा तो कागद माझ्या हाती आला. त्यावर टाईप केलंय, 'मी आरोपीच्या पिशवीची झडती घेतली नाही.' ते दोन हात काही कागदावर आलेले नाहीत. ते राहून जाऊ नयेत म्हणून हे लिहायला बसले.

आरोपीला जन्मठेप झाली. मामांची नोकरी राहिली, पण बढती कायमची गेली, आणि कुणा वरिष्ठाच्या डोक्यातून हुकूम निघाला की त्यांना त्याच गेटावर ठेवायचं. जिथे चुकलास तिथेच उभा राहा. बदलीचा अर्ज केला की परत यायचा. आधी कारण होतं की ते खटल्यातले साक्षीदार आहेत, मग चौकशी बाकी आहे, मग वरच्या कोर्टात अपील आहे. एक दिवस असाच परत आलेला अर्ज घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "त्याला जन्मठेप आत झाली, ताई. मला दारात." म्हणाले हसत हसत, पण मला काही हसू आलं नाही.

पत्र्याखालचं ते टेबल, पुढे आडवी बांधलेली दोरी, एवढं त्यांचं जग झालं. चहाला जायचे नाहीत, गावाकडच्या जत्रेला जायचे नाहीत. सुट्टी का घेत नाही म्हटलं तर म्हणायचे, "मी गेलतो आन् त्याच दिशी कुणी आलं, मग?" रविवारीसुद्धा गेटाचं कुलूप ओढून बघायला एक चक्कर असायची. लोक म्हणत, म्हाताऱ्याला खूळ लागलंय. मला कधी दया यायची, कधी राग. एका चुकीसाठी माणसाने स्वतःला किती कोंडून घ्यावं?

पण हे सगळं ज्या बाईपायी चाललं होतं, ती या गेटातून सारखी ये-जा करत होती. कौसाबाई, त्या मेलेल्या माणसाची बायको. मामा कामावर परत आल्यावर ती पहिल्यांदा तारखेला आली, तेव्हा मामांचा हात तिच्या पिशवीकडे जाईना. नुसते उभे. तेव्हा तिने स्वतःच पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं. आत भाकरी आणि पाण्याची बाटली. "बघा," ती म्हणाली. "त्या दिशी बघितलं असतं तर." त्या दिवसापासून मामांनी कुणालाच सोडलं नाही. आणि कौसाबाई त्यांच्याशी पुन्हा अक्षर बोलली नाही. खुनाचा खटला संपला, तरी तो मूळचा वाटणीचा दावा चालूच होता, आता वारस म्हणून तिच्या नावावर. दर तारखेला ती यायची, तोंड दुसरीकडे करून पिशवी पुढे धरायची आणि निघून जायची. मामांना साहेबांची, खात्याची माफी नको होती. या बाईने एकदा तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना बरं वाटलं असतं. ती तेवढंही देत नव्हती.

मामांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांच्या लेकीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि बापाने काय ठरवावं? "पत्रिका छापायची न्हाई. मी समद्यांना फोन करतो." पोरगी रडत माझ्याकडे आली. "मावशी, माझं लगीन काय चोरून लावायचं हाय का? पत्रिका बघितली का बाबांचे हात कापायला लागतेत. मी काय करू सांगा." मी तशीच गेटावर गेले आणि रांगेदेखत मामांना झापलं. म्हटलं, "त्या पोराचं पाप तुम्ही स्वतःच्या पोरीच्या माथी मारताय." मामांनी समोरच्या माणसाची पिशवी पुरती तपासली, त्याला परत दिली आणि मग मला म्हणाले, "छापतो, ताई." बस, एवढंच.

आणि एक दिवस मामांनी चक्क रजा टाकली. सकाळी मी गेटाशी आले तर पांढरा सदरा-पायजमा, टोपी आणि हातात नवी कापडी पिशवी घेऊन हा माणूस बाहेरच्या बाजूने रांगेत उभा. कोर्टात आमंत्रणं द्यायला आलेले. टेबलाशी त्या दिवशी नवीन भरती झालेली एक शिपाई पोरगी होती. मामांना बघून ती लगबगीने दोरी काढायला लागली. "मामा, या की. तुमची कसली झडती? मंगलकार्याची पिशवी हाय."

मामांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. "घे झडती," म्हणाले. पोरगी हसली, तिला वाटलं मामा गंमत करतायत. "घे म्हनतो ना!" ते असे ओरडले की आवारातले वकील वळून बघायला लागले. पोरीने पिशवीत डोकावून पाहिलं. वरच्या पत्रिकेवर हळदीकुंकू, शेजारी अक्षतांची पुडी. तिचा हात काही आत जाईना. मामाही जागचे हलेनात. रांग थांबली.

मागून कौसाबाई पुढे आली. तिची त्या दिवशी तारीख होती. तिने कुणालाच काही विचारलं नाही. मामांची पिशवी जवळ ओढली, अक्षतांची पुडी बाजूला ठेवली आणि एकेक पत्रिका काढून टेबलावर मांडायला लागली, अगदी मामा सीताफळं मांडायचे तशी. पिशवी रिकामी झाल्यावर कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. मग पिशवी उलटी करून झटकली. तांदळाचे दोन-चार दाणे पडले. ते तिने वेचून पुडीत ठेवले, पत्रिका पुन्हा भरल्या, पुडी वर ठेवली आणि त्या पोरीला म्हणाली,

"काई न्हाई आत. जाऊ द्या मामाला."

पोरीने दोरी काढली. मामा तिथेच उभे. कौसाबाईने स्वतःची पिशवी टेबलावर ठेवली, तिचं तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"जावा की मामा. कावून थांबला आता?"

मामा गेटातून आत गेले. त्यांची पत्रिकांची पिशवी टेबलावरच विसरली होती. ती मी नेऊन दिली.