समुद्राच्या बाजूची रेघ

मुलुंडहून मार्व्याच्या धक्क्यापर्यंत एकच फलक माझ्यासोबत प्रवास करत होता: ‘उपनगरांचा स्वतःचा फुटबॉल संघ’. अंधेरीत नवं स्टेडियम उभं राहिलंय, खेळाडूंची निवड चालू आहे. असल्या फलकांपुढे मला नेहमी विचारावंसं वाटतं, स्वतःचा म्हणजे कोणाचा? खाडीपलीकडच्यांचाही का? मनोरीची माझी मैत्रीण हर्षला दुसऱ्या दिवशी महिला संघाच्या चाचणीला उतरणार होती. घरी ठरलं होतं, निवड झाली नाही तर खेळ बंद, नोकरी सुरू.

फेरीबोटीतून उतरताना माझी चप्पल चिखलात रुतली. घ्यायला आलेले हर्षलाचे वडील, भास्करकाका, ती उपसून काढत म्हणाले, “हातात घे. इथं पोरी फुटबॉलपण अनवाणी खेळतात.”

जेवायला सुकट (वाळवलेला जवळा) आणि तांदळाची भाकरी होती. हर्षला घरातल्या घरात नवे बूट घालून फिरत होती.

“चावतात गं,” ती म्हणाली.

“सवय कर,” काका म्हणाले. “खेकडेपण चावतात. सोडतो काय आपण?”

संध्याकाळी ओहोटी लागली आणि ओल्या वाळूवर मैदान तयार झालं. तीन बाजूंना पोरींनी टाचेने रेघा ओढल्या. चौथ्या बाजूला समुद्र. तिथे रेघच नाही. चेंडू पाण्यात गेला तरी खेळ थांबत नाही. गुडघाभर पाण्यात शिरून जी आणेल तिचा चेंडू. हर्षलाइतकं पाण्यात कोणी धावत नव्हतं.

सकाळी आम्ही तिघं अंधेरीला गेलो. स्टेडियमचं गवत इतकं हिरवं की काकांनी वाकून हात लावून पाहिलं. चाचणीचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने चेंडू रेघेबाहेर गेला, शिट्टी वाजली, सगळ्या थांबल्या. हर्षला थांबली नाही. बाहेर धावत जाऊन तिने चेंडू गाठला, तसाच आत आणला आणि गोलमध्ये मारला. बाकांवर हसू फुटलं.

काका पुटपुटले, “पोरी, इथं समुद्र नाय गं.”

मला त्या हसणाऱ्यांचा राग आला. प्रशिक्षक बाई मात्र हसत नव्हत्या. “बाहेर गेलेल्या चेंडूमागे का धावलीस?”

“आमच्याकडे त्या बाजूला रेघ नसते, मॅडम.”

बाईंनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. “पुढच्या आठवड्यात परत ये. रेघ शिकून ये.”

निवड नव्हे, नकारही नव्हे. परतीच्या बोटीत हर्षला बूट मांडीवर घेऊन बसली होती.

मनोरीला उतरलो तेव्हा ओहोटी होती. काका घरी न जाता जुनं वल्हं घेऊन किनाऱ्यावर गेले आणि पाण्याच्या कडेने लांबलचक रेघ ओढत निघाले.

“काका, समुद्राला आउट देणार काय?” पोरींनी विचारलं.

“आठवडाभर,” ते म्हणाले.

लाट रेघ पुसायची, ते पुन्हा ओढायचे. खेळ रंगला आणि चेंडू पाण्यात गेला. कोणी हलेना. सगळ्या हर्षलाकडे पाहत होत्या. ती रेघेपर्यंत धावली आणि थांबली. पाऊल उचललेलं तसंच राहिलं.

शहराला संघ मिळतो तेव्हा मनोरीसारखं गाव आपला समुद्र असा थोडा मागे सारतं. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे.

चेंडू लाटेबरोबर परत आला. हर्षलाने तो रेघेच्या आत पायाखाली घेतला.